सहानंतरचं कॉलेज

किर्लोस्करवाडीच्या स्टेशनवर उभं राहिलं की एक गाडी सांगली-मिरजेला जाते आणि दुसरी कराडवरून पुण्याला. कुंडलच्या आमच्या घरापासून हे स्टेशन सायकलच्या अंतरावर. १९९६ साली मी इंजिनिअरिंगला जायचं ठरलं, तेव्हा घरापुढचा प्रश्न या रुळांसारखाच होता. इकडं जायचं की तिकडं? सांगलीला वालचंद, कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. दोन्हीकडं तासाभराचीच गाडी. दोन्ही गावं कृष्णेकाठची, दोन्ही कॉलेजं शिवाजी विद्यापीठाची.

वालचंद १९४७चं. धोंडूमामा साठ्यांनी ते न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून काढलं आणि १९५५ साली त्याला वालचंद हिराचंदांचं नाव लागलं. कराडचं कॉलेज १९६०चं. आमच्या भागाला यंत्रांचं अप्रूप त्याच्याही आधीपासून होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली कारखाना उभा केला आणि तिथला लोखंडी नांगर आजोबांच्या शेतात चालला. त्यामुळं आमच्याकडं 'पोरगं इंजिनिअर होणार' म्हटलं की पंप, नांगर, मोटर, पूल असं काहीतरी डोळ्यापुढं यायचं.

सीईटी तेव्हा नव्हती. बारावीच्या पीसीएमच्या, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या मार्कांवर नंबर लागायचा. नाव पुकारलं की आत जायचं. कुठल्या कॉलेजात कुठल्या शाखेच्या किती जागा उरल्यात ते फलकावर लिहिलेलं असायचं, आणि टेबलापलीकडचे साहेब विचारायचे, "बोला, काय घेताय?" माझ्या पाठोपाठ माझा चुलतभाऊ होता. दोघांनाही सिव्हिल हवं होतं आणि दोन्हीकडं सिव्हिलच्या जागा होत्या.

घरातून सांगून पाठवलं होतं, सांगली घ्यायची. आजीचं म्हणणं तर अगदी साधं. "सकाळी डबा घिऊन जावा, सांजच्याला घरी या. ल्योक डोळ्यापुढं ऱ्हाईल." आबांचा हिशेब वेगळा होता. उसाला पाणी द्यायचं तर रात्री लाईट आल्यावर मोटर सुरू करायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. मला हे नीट माहीत होतं, आणि त्या क्षणी तेच डोळ्यापुढं आलं. घरी राहिलो तर संध्याकाळी सहानंतर मी घरचा. आबांकडं न बघता मी कराड म्हणालो. चुलतभाऊ सांगली म्हणाला.

परतीच्या गाडीत आबा कितीतरी वेळ गप्प होते. शेणोली आल्यावर ते नेहमीचं बोलले, याच फाट्याला जी. डी. बापू लाडांच्या पोरांनी पगाराची गाडी लुटली. ७ जून १९४३ची, इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेची ती गोष्ट कुंडलच्या प्रत्येक घरात सांगितली जाते आणि शेणोलीवरून जाताना आबांच्या तोंडून ती निघाली नाही असं कधी झालं नाही. त्या दिवशी ती ऐकताना मला बरं वाटलं. ते रागावले नव्हते.

आता जे सांगायचंय ते असं, की माझी आणि चुलतभावाची पुस्तकं एक होती. सिलॅबस एक. परीक्षा विद्यापीठाची, त्यामुळं पेपरसुद्धा एकच. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा जो प्रश्न मला कराडात आला तोच त्याला सांगलीत. चार वर्षांनी दोघांच्या हातात एकाच विद्यापीठाची, एकाच शाखेची पदवी आली आणि मार्क त्याला माझ्यापेक्षा थोडे जास्तच होते. शिकवणारी माणसं दोन्हीकडं तोलामोलाची. तरीही आम्ही दोघं दोन वेगळ्या जागी शिकलो, आणि तो वेगळेपणा वर्गातला नव्हता. तो संध्याकाळी सहानंतरचा होता.

पहिल्या वर्षी बेंडिंगचं समीकरण वर्गात फळाभर मांडून झालं. मी ते वहीत उतरवलं आणि मला त्यातलं काही कळलं नाही. रात्री अकराच्या सुमाराला होस्टेलच्या खोलीत शीटचं जीटी मारत बसलो होतो, म्हणजे काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याच्या शीटवरून आपली शीट काढत होतो. पलीकडच्या खोलीतला वऱ्हाडातला एक सीनियर आत आला. माझी वही बघितली आणि म्हणाला, "थांब, इकडे पाह्य." त्यानं दोन पुस्तकांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि मधोमध बोट दाबलं. पट्टी वाकली. मग तीच पट्टी कडेवर उभी धरली आणि म्हणाला, आता दाब. हलेना. लोखंड तेच, वजन तेच. "उंची दुप्पट केली का वाकायचा विरोध आठपट होते. घनात जाते तो. म्हणून तुळई उभी असते, आडवी नसते." मी ती पट्टी कितीतरी वेळ उलटसुलट दाबत बसलो. आज साताऱ्यात राहून पुलांच्या कामांची तपासणी करतो, पण तुळईकडं बघताना अजून आधी ती पट्टी दिसते.

असं कितीतरी. सबमिशनच्या आदल्या रात्री एका खोलीत सात जण, एकाचा ड्राफ्टर, दुसऱ्याची जर्नल, तिसऱ्याच्या घरून आलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. क्युरिंगच्या टाकीतून अठ्ठाविसाव्या दिवशी काढलेले काँक्रीटचे ठोकळे कितीला फुटतील यावर रात्रभर वाद. सर्व्हेच्या कॅम्पात दिवसभर लेव्हल लावायची, रात्री आकडे जुळवायचे, आणि जुळले नाहीत की कुणाची चूक हे न विचारता सगळ्यांनी मिळून पहिल्यापासून बेरीज करायची. नांदेडचा, जळगावचा, रत्नागिरीचा मुलगा एकाच ताटात जेवायला बसला की आपली बोली, आपलं गाव, आपली जात आणि आपली हुशारी हे सगळं थोडं थोडं सैल होतं. त्या वयात ते सैल झालं नाही तर पुढं फार अवघड जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चुलतभावाला हे मिळालं नाही. यात वालचंदचा काही दोष नाही. तिथल्या होस्टेलच्या मुलांच्या संध्याकाळी आमच्यासारख्याच भरलेल्या होत्या. याला मात्र गाडी गाठायची असायची. प्रॅक्टिकल लांबलं की त्याचं लक्ष घड्याळाकडं. एकदा म्हणाला, "चार वर्षात मी कुणाच्या खोलीत बसून चहा प्यायलो न्हाई." पण त्याच्याकडं एक गोष्ट आहे जी माझ्याकडं नाही. तिसऱ्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली. रोज संध्याकाळी कॉलेजातून येऊन तो तिच्या पायांना तेल लावायचा. ती गेली तेव्हा तो तिच्या उशाशी होता. मला निरोप दुसऱ्या दिवशी पोचला. स्टेशनवर उतरून सायकल मारत गेलो तर सगळं उरकून माणसं अंगणात बसली होती. 'ल्योक डोळ्यापुढं ऱ्हाईल' म्हणणारी आजी, आणि तिच्या डोळ्यापुढं मी नव्हतो. कराड घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्याची किंमत काय होती हे मी विसरलेलो नाही आणि कुणाला सांगताना ती लपवत नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते २०२५च्या उन्हाळ्यात. माझी धाकटी बहीण सांगलीवाडीत दिलेली. तिची मुलगी मनू बारावी झाली. सीईटीत पर्सेंटाईल चांगलं आलं आणि घरात दोन तट पडले. एका बाजूला वालचंदचं सिव्हिल, घरापासून पूल ओलांडून विश्रामबागेत. दुसऱ्या बाजूला पुण्यातलं एक खासगी विद्यापीठ, कॉम्प्युटर. त्यांनी सीट देऊ केली होती, पण रविवारच्या आत पन्नास हजार भरायचे, आणि सरकारच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेची, म्हणजे कॅपची पहिली यादी लागणार त्याच्यानंतर.

बहिणीचा फोन आला. "दादा, ते विद्यापीठ हाय. हे नुसतं कॉलेज. फरक असंलच की."

या एका शब्दानं फार घरांत गोंधळ होतो म्हणून मी तिला सावकाश समजावलं. विद्यापीठ म्हणजे आपली पदवी आपण देणारी संस्था. त्यावरून शिकवणं कसं आहे ते कळत नाही. पुण्याचं सीओईपी, म्हणजे तिथलं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, १८५४चं, पण २०२२पर्यंत ते कॉलेजच होतं. स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं ते त्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी तिथं शिकलेला मुलगा काही कमी शिकला नाही. वालचंद आणि कराड आता स्वायत्त आहेत. सिलॅबस त्यांचा, पेपर त्यांचे, पदवी शिवाजी विद्यापीठाची. म्हणजे आमच्यासारखे दोघांना एकच पेपर, हे आता राहिलं नाही. बघायचंच असेल तर आपल्या शाखेला एनबीएची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता आहे का ते बघावं. नॅकची श्रेणी सगळ्या संस्थेला मिळून असते, एनबीए एकेका शाखेची तपासणी करते. सिव्हिल घेणाऱ्यानं कॉलेजचा बोर्ड बघून भागत नाही, सिव्हिल बघावं लागतं.

मग पैशाचं. दाजींचं हळदीच्या पेठेत छोटं काम आहे, वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली, आणि ओबीसीचा दाखला आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून हवा, आणि खासगी विद्यापीठं त्यात येत नाहीत. हे दाजींना कुणी सांगितलंच नव्हतं. पन्नास हजारांची जमवाजमव मात्र सुरू झाली होती. प्रवेश मुदतीत रद्द केला तर हजार रुपयांपर्यंतचं प्रक्रिया शुल्क कापून बाकीची फी परत द्यावी असा नियम आहे. तरीसुद्धा बारावीच्या मुलीच्या बापाला तीन दिवसांची मुदत घालून पैसे मागणं मला पटत नाही. ज्याला आपल्या शिकवण्यावर भरवसा आहे त्याला एवढी घाई कशाला?

कॅपचा पसंतीक्रमाचा फॉर्म भरायचा तर तिथं वेगळीच भीती. शेजारच्या एका मुलानं मनूला सांगितलं होतं, वालचंद पहिल्या नंबरला टाकू नको, नाही मिळालं तर पहिला नंबर वाया जाईल आणि खालचंही जाईल. दरवर्षी हे ऐकतो आणि दरवर्षी यापायी चांगली मुलं नको ते वर टाकतात. नंबर वाया जात नाही. मेरिटमध्ये जो वर आहे त्याची यादी आधी उघडते. त्याच्या पहिल्या पर्यायाची जागा असली तर ती मिळते, नसली तर दुसरा, मग तिसरा. आपली पाळी येते तेव्हा आपल्या यादीत वरून खाली बघत पहिली मोकळी जागा आपल्याला देतात. तिसऱ्या नंबरला टाकलेलं कॉलेज ते पहिल्याला टाकलेल्याइतकंच आपल्याला मिळू शकतं. लक्षात ठेवायची गोष्ट दुसरी आहे. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून पहिल्या जागी तेच लिहायचं जे मिळालं तर दुसरं काही नको. यंत्र आपल्याला एवढंच विचारतं, तुला खरंच काय हवंय ते क्रमानं सांग. आणि घरात सगळ्यात अवघड तेच असतं.

मी मनूला म्हणालो, दोन्ही ठिकाणं बघून येऊ, पण सकाळी अकराला नाही. सहानंतर.

पुण्याला गेलो. इमारत काचेची, स्वच्छ, स्वागतकक्षात थंडगार. फिरवून दाखवणाऱ्या बाईंनी प्लेसमेंटचे आकडे सांगितले, लॅब दाखवल्या. लॅब चांगल्याच होत्या, खोटं का बोला. आम्ही गेटबाहेर चहा घेतला आणि थांबून राहिलो. साडेपाचला बसा लागल्या. साडेसहाला आवार रिकामं झालं होतं. मुलं कुठं राहतात म्हणून टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "चहूकडं पीजी हायेत, पाच-सात किलोमीटरात." सात वाजता लायब्ररीच्या मजल्यावरचे दिवे गेले. मनू काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वालचंदला. पाऊस भुरभुरत होता. जुन्या झाडांखालून आत गेलो. सात वाजून गेले तरी वाचायच्या खोलीत मुलं होती. एका शेडमध्ये चौघं जण गाडीच्या पाइपांच्या सांगाड्याशी झटत होते आणि पाचवी, एक मुलगी, गुडघ्यावर वही ठेवून वेल्डिंगच्या मापांची नोंद करत होती. मनू तिथं उभी राहिली. मला वाटलं, झालं काम.

परत येताना आयर्विन पुलावर तिनं मला थांबवलं. "मामा, तू सहानंतरचं सांगतोस, ते तुझं. तुमच्या वर्गातल्या पोरी सहानंतर कुठं असायच्या?"

खरं सांगतो, या प्रश्नाचा मी तीस वर्षांत विचार केलेला नव्हता. आमच्या वर्गात मोजक्या मुली होत्या. त्या काळी बहुतेक कॉलेजांत मुलींच्या होस्टेलचं दार दिवेलागणीला बंद व्हायचं. पट्टीचं ते प्रात्यक्षिक, ती रात्रीची बेरीज, शीटांच्या रात्री, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांनी फक्त वर्गावर इंजिनिअरिंग केलं आणि तरी पहिल्या पाचात दोघी असायच्या. माझ्या आठवणींचं कॉलेज त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. मी मनूला तसं सांगितलं.

ती खाली पाण्याकडं बघत होती. हा पूल १९२९चा. कृष्णेचं पाणी सांगलीत मोजतात ते इथं, फुटात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. मनू तेव्हा सातवीत होती. सांगलीवाडीला पाण्यानं चारी बाजूंनी वेढलं होतं आणि तिला आणि तिच्या आजीला बोटीतून बाहेर काढलं. त्यांच्या घराच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे, बहिणीनं तिच्यावरून रंग दिला नाही. त्या वर्षी दिवाळीत मनूनं मला विचारलं होतं, "पाणी इथवर येणार हे आधी कुणी मोजलं नव्हतं का?" तेव्हा मी तिला निळी रेषा आणि लाल रेषा समजावली होती. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल एवढ्याची लाल. तिनं विचारलं, मग रेषेच्या आत घरं कशी? त्याचं उत्तर मी देऊ शकलो नव्हतो.

"मला सिव्हिलच करायचंय," ती पुलावर म्हणाली. "आणि कॉम्प्युटर शिकायचं नाही असं नाही. पाणी किती वाजता कुठं चढंल, याचं मॉडेल बांधायला तेच लागणार. पण मला पाण्याचं करायचंय. आणि सहानंतर मला तिथं थांबायचं असेल तर पप्पांना विचार. ते घ्यायला येतील का?"

म्हणजे इतके दिवस मी ज्याला कॉलेजचा गुण समजत होतो, तो तिच्या बाबतीत दाजींच्या हातात होता. रात्री जेवताना मी विषय काढला. बहीण म्हणाली, होस्टेलला टाकू. दाजी म्हणाले, घर इथं असताना होस्टेल कशाला? मग बराच वेळ भाकरी मोडत राहिले. "किती वाजेपर्यंत?" त्यांनी विचारलं. मनू म्हणाली, "नऊ. कधी साडेनऊ." दाजी म्हणाले, "पावसात पुलावरून गाडी घसरती. चालत बाहेर यायचं न्हाई, मी गेटवर येईस्तोवर आत ऱ्हायचं." एवढंच.

पन्नास हजार भरले नाहीत. फॉर्मवर पहिल्या क्रमांकाला वालचंद सिव्हिल, दुसऱ्याला कराड सिव्हिल. कराड का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिथं मग होस्टेलच लागंल, आपोआप." पहिलाच पर्याय मिळाला.

नोव्हेंबरात एका रात्री पावणेदहाला बहिणीचा फोन. आवाजात काळजी. "दादा, अजून आली न्हाई. काय तरी ठोकळे फोडायचेत म्हणं. हे तासभर गेटवर उभे हायेत."

मी दाजींना फोन लावला. मागं रस्त्याचा आवाज येत होता, विश्रामबागेच्या फाटकातून गाडी जात असावी.

"दाजी, थंडी हाय. जाकीट घातलंय न्हवं?"

"घातलंय."

"आत लाईट दिसतीया का?"

"दिसतीया की," ते म्हणाले. "चार खिडक्यांत हाय. ती दुसरीत हाय, आत्ता हात केला तिनं. तुम्ही झोपा."